मे महिन्यात झिंग्यांची तळी: अमळनेर ते नवापूर

अमळनेरहून पहाटेच निघालो. मे महिन्यातला खानदेश. दहानंतर बांधावर उभे राहणे म्हणजे शिक्षाच. तळी बघायला लोक पाणी भरलेले असताना जातात. आम्हाला बघायचा होता उघडा पडलेला तळ.

पहिला थांबा तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत. झिंगा तळाशी राहतो, तळाशीच खातो. उरलेले खाद्य, विष्ठा, मेलेले शेवाळ तिथेच साचते. त्या थरातला प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि थर काळा पडतो. किनारपट्टीवरचा सल्ला सोपा आहे: काळा थर दिसला की काढा. पण इथे सगळी मातीच काळी! तळ्याचे मालक हसले, ‘पहिले वास ल्या भाऊ, मंग रंग देखा.’

त्यांनी पाणी सोडायच्या मोरीजवळच्या खोलगट भागातले ढेकूळ फोडले. सडक्या अंड्यांचा वास. बांधालगतच्या ढेकळाला नुसता मातीचा. खराब ढेकूळ हवेवर ठेवले की त्याचा काळेपणा उतरून करडा-तपकिरी रंग येऊ लागतो. मूळ काळी माती काळीच राहते. म्हणजे अख्खा तळ खरवडायची गरज नाही, वास येतो तेवढाच गाळ उचला. तो बांधावर मात्र टाकू नका. पहिल्याच पावसात परत तळ्यात येतो.

तळावर टाकायच्या चुन्याचे तसेच. दुकानदार एकरी पोती सांगून मोकळा होतो. इथल्या मातीत आधीच चुनखडी. खड्यावर लिंबू पिळा, फसफसते. सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) बहुधा साडेसात-आठच्या पुढे. चुना लागतो तो सामू सातच्या खाली असेल तर. अशा जमिनीत कळीचा चुना ओतून लगेच पाणी भरले, तर सामू आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. माझ्या मते इथला चुन्याचा बराचसा खर्च निव्वळ सवयीचा आहे.

साक्रीला शेवभाजी खाल्ली (तिखटाचा अंदाज घेऊनच मागवा), मग कोंडाईबारी घाट उतरून नवापूरकडे. इकडे पाऊस जास्त, डोंगरउताराची माती वेगळी. तापीकाठचा हिशेब इथे लावू नका, मातीच तपासा.

नमुना घेताना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणचा वरचा पाच सेंटिमीटर थर घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा. खोलगट भागाचा नमुना वेगळा ठेवा. धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून जा.

तळ किती सुकवायचा? पाच ते दहा सेंटिमीटर खोल भेगा पडेपर्यंत. पार कोरडाठाक केला तर गाळ कुजवणारे जिवाणूच थंडावतात; म्हणून वापशावर (माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी) हलकी नांगरट करून हवा खेळू द्यावी, पाणी भरण्याआधी रोलर फिरवून तळ दाबावा. काळ्या मातीच्या भेगा खोल जातात, त्यामुळे पहिले पाणी जिरते. माती फुगली की गळती कमी होते. तेवढे जादा पाणी हाताशी नसेल तर पावसाच्या भरवशावर झिंग्यांची पिल्ले मागवून ठेवू नका. फार उशीरही नको, कारण खानदेशी थंडी झिंग्याला सोसत नाही.

सोबत फावडे, गमबूट, प्लास्टिकच्या पिशव्या आणि नावाच्या चिठ्ठ्या घ्या. परतीला उन्हं कलल्यावरच निघा.