तुम्ही विचारलंत म्हणून: "मग परत का येत नाहीस?"

फोनवर कुणीही असो, कराडची मावशी, शाळेतली मैत्रीण किंवा इथल्या, अमेरिकेतल्या, मंडळातल्या वहिनी, पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. साखळ्या घातलेले पाय टीव्हीवर दिसले आणि त्याच रात्री मावशीचा फोन आला. ती रडत होती. "अगं, असं कुणी धरून आणण्याआधी तूच ये की. आपलं घर काय पडलंय का?" मी "बघते" म्हणून फोन ठेवला. आज नीट उत्तर देते.

घर पडलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही "परत ये" म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर विमानाचं तिकीट असतं. माझ्यासमोर दहा वर्षं असतात. इथे राहायच्या परवानगीची मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं असेल तर दहा वर्षं. आणि ही बंदी लागते ती देश सोडल्यावर. नवरा अमेरिकन नागरिक असल्यामुळे इथे राहून ग्रीन कार्ड मागितलं, तर मुदत उलटल्याचा तो दोष माफ होऊ शकतो. विमानात पाऊल ठेवलं की तो रस्ता संपला. मुलगी चार वर्षांची आहे. दहा वर्षांनी ती चौदाची असेल.

नवऱ्याने आणि मुलीने कराडला यावं, असंही सुचवून झालंय. माझ्या सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि त्यांना हा एकच मुलगा. यापुढे यावर मी बोलणार नाही.

"पण मुदत संपल्यावर तू थांबलीसच कशाला?" हे तोंडावर फक्त काकांनी विचारलं. बाकीच्यांच्या मनात आहेच. नव्या कंपनीने माझ्यासाठी भरलेला एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज २०१९मध्ये नामंजूर झाला, तेव्हा मला नियम ठाऊक होता. पहिल्या १८० दिवसांत निघाले असते तर कुठलीच बंदी लागली नसती. मी कॅलेंडरवर दिवस मोजले होते. थांबले, कारण पुढच्या वर्षी लग्न करायचं ठरत होतं, आणि हात हलवत कराडला उतरायची लाज वाटत होती. तेव्हा मी होते त्या मुलीला आज भेटले तर तिला ओरडेन असं वाटतं. मग वाटतं, ती निघाली असती तर ही लेक कुठून आली असती? या भांडणात मी अजून जिंकलेले नाही.

दुसरी चूकही माझीच. २०२२मध्ये घर बदललं. पोस्टाला नवा पत्ता दिला, पण इमिग्रेशन खात्याला दहा दिवसांत वेगळा कळवायचा असतो, तो राहून गेला. लग्नानंतर मागितलेल्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीचं पत्र जुन्या फ्लॅटवर गेलं. आम्ही हजर राहिलो नाही म्हणून अर्ज सोडून दिला असं धरून तो नाकारला गेला, आणि मागोमाग, मला देशाबाहेर काढायचं की नाही यासाठी, कोर्टात हजर राहायची नोटीस आली. बाळ तेव्हा रांगत होतं.

आता त्या दिवसाबद्दल, ज्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

२०२३चा नोव्हेंबर. न्यूअर्कला ब्रॉड स्ट्रीटवरचं इमिग्रेशन कोर्ट. इथे सरकार तुम्हाला वकील देत नाही, परवडला तर आपला आपण आणायचा. माझ्या बाजूच्या बाकावर एक बाई एकटीच होती, हातातली नोटीस घडी घालून घालून मऊ पडलेली. माझं नाव पुकारलं. जज्जबाईंनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: तुम्हाला सगळ्यात चांगली कुठली भाषा समजते?

मी म्हणाले, "इंग्लिश."

दुभाषी फुकट मिळतो हे माझ्या वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं. मीच नको म्हटलं होतं. पुण्यात इंजिनिअरिंग केलेलं, इथे इतकी वर्षं इंग्रजीत नोकरी केलेली, मला कशाला दुभाषी?

मग एकेक आरोप वाचला गेला. ही अमेरिकेची नागरिक नाही. मान्य. ही भारताची नागरिक आहे. मान्य. अमुक तारखेपर्यंत राहायची परवानगी होती. मान्य. त्यानंतरही ही राहिली. मान्य. वकीलबाई एका सुरात उत्तरं देत होत्या आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता, तरी एकही माझ्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटी जज्जबाईंनी विचारलं, हिला बाहेर काढायची वेळ आली तर कुठल्या देशात पाठवायचं?

"इंडिया."

जज्जबाई माझ्याकडे वळल्या. समजलं ना? मी "येस" म्हणाले. आम्ही मुली ज्याला माहेर म्हणतो, ते माझ्याच होकाराने शिक्षेच्या रकान्यात लिहिलं गेलं. दुभाषी असता तर हेच कुणीतरी मराठीत सांगितलं असतं. तेव्हा मी "हो" म्हणू शकले असते का, मला ठाऊक नाही. बाहेर येऊन लिफ्टशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. वकीलबाईंना वाटलं चक्कर आली, त्यांनी पाणी आणून दिलं.

म्हणून तुम्ही प्रेमाने "परत ये" म्हणता तेव्हा मला तीच खोली आठवते आणि मी तुमच्यावर चिडते. तुमचा काय दोष. मला यायचंच आहे, पण असं यायचंय की पंधरा दिवस राहून, आईच्या हातचं खाऊन, कृष्णा-कोयनेच्या संगमावर लेकीला नेऊन पुन्हा तिच्या बापाकडे जाता येईल. त्यासाठीच हे कोर्ट. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आले नाही ते याचसाठी. अर्थात हेही पूर्ण खरं नाही. ही बंदी नसती तरी कायमची परत आले असते का, याचं उत्तर माझ्याकडे रोज वेगळं असतं.

२०२५च्या मे महिन्यापासून इथे सुनावणी आटोपून बाहेर पडणाऱ्यांना कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येच धरायला सुरुवात झाली. त्याच महिन्यात सरकारने स्वतःहून जाणाऱ्याला तिकीट आणि हजार डॉलर देऊ केले, ती बातमी मला तुम्हा चौघाजणांनी पाठवली. मीही ती दोनदा वाचली. पण सुनावणी चुकवली तर माझ्या गैरहजेरीतच हुकूम निघतो, म्हणून प्रत्येक तारखेला जाते. जाताना मुलीच्या शाळेचा नंबर नवऱ्याच्या खिशात कागदावर लिहून ठेवते, फोनवर विसंबत नाही.

नवऱ्याने माझ्यासाठी पुन्हा भरलेला अर्ज अजून पडून आहे. पुढची तारीख मार्चमध्ये आहे. या वेळी वकीलबाईंना सांगितलंय, भाषेपुढे मराठी लिहा. त्या म्हणाल्या, दुभाषी बहुतेक फोनवर असेल, वेळ दुप्पट लागेल. म्हटलं, लागू दे.