न्यूयॉर्कच्या लायब्रऱ्या : सिंहांसोबत फोटो काढून परत फिरू नका

न्यूयॉर्कला जाऊन दोन दिवस लायब्रऱ्या बघितल्या असं सांगितलं की लोक कीव आल्यासारखं बघतात. असो.

सुरुवात अर्थात न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ४२व्या रस्त्यावरच्या मेन बिल्डिंगपासून, सातची सबवे धरून फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला उतरलं की आलीच. दारातले दोन सिंह म्हणजे पेशन्स आणि फॉर्टिट्यूड, ही नावं १९३०च्या दशकात मेयर लाग्वार्डियांनी दिली. आधी या जागेवर शहराचा पाण्याचा हौद होता, चांगला किल्ल्यासारख्या भिंतींचा, तो पाडून कॅरेर आणि हेस्टिंग्ज या आर्किटेक्ट जोडीने ही संगमरवरी इमारत बांधली आणि १९११च्या मे महिन्यात ती उघडली. संस्था मात्र त्याआधीची, अ‍ॅस्टर आणि लेनॉक्स या दोन लायब्रऱ्या आणि माजी गव्हर्नर टिल्डनने मृत्युपत्रात ठेवलेला पैसा असं सगळं १८९५मध्ये एकत्र करून झालेली.

वरची रोझ रीडिंग रूम २९७ फूट लांब, छत ५२ फुटांवर, मान दुखेपर्यंत वर बघत बसलो. २०१४मध्ये या छतातलं प्लास्टरचं एक फूल रात्री खाली पडलं (नशीब रात्री पडलं), मग खोली बंद ठेवून सगळं छत तपासलं, २०१६ उजाडलं परत उघडायला. पण मला खरं आवडलं ते दिसत नाही ते, म्हणजे या खोलीची जमीन खालच्या सात मजली लोखंडी रॅक्सवर तोललेली आहे! रॅक्स आता रिकामे आहेत, पुस्तकं मागच्या ब्रायंट पार्कच्या हिरवळीखालच्या तळघरात असतात आणि रुळांवरच्या छोट्या डब्यांतून वर येतात.

नुसतं बघायला आलेल्यांना या खोलीत मोकाट फिरू देत नाहीत, त्यामुळे गाइडेड टूरच्या वेळा वेबसाइटवर आधी बघून ठेवा. दारात बॅगा उघडून बघतात, मी भलीमोठी सॅक घेऊन गेलो तो गाढवपणा तुम्ही करू नका. समोर ४०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर २०२१ची नवी ब्रँच आहे, तिच्या गच्चीवर जरूर जा, फुकट आहे.

आता खरी मजा, गल्लीतल्या ब्रँचेस. १९०१मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने शहराला ५२ लाख डॉलर दिले, अट एवढीच की जागा शहराने द्यायची आणि चालवायचा खर्चही शहराने करायचा. ७९व्या रस्त्यावरची यॉर्कव्हिल ही त्यातली पहिली, १९०२ची. एकदा ही बघितली की बाकीच्या लांबूनच ओळखू येतात, दोन इमारतींच्या मध्ये घुसवलेली तीन मजली दगडी इमारत, उंच कमानीच्या खिडक्या, आणि बऱ्याचदा दार मधोमध नसून एका बाजूला. सगळ्यात वर केअरटेकरचं बिऱ्हाड असायचं, कारण इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीत कोळसा टाकायला माणूस सतत हवा. लायब्ररीच्या माळ्यावर लहानपण काढलेली पोरं आहेत म्हणजे या शहरात, मला तर हेवाच वाटला!

वेळ कमी असेल तर ग्रीनिच व्हिलेजमधली जेफरसन मार्केट तरी बघाच. मुळात १८७७चं कोर्ट, लाल विटांचं, मनोरा वगैरे असलेलं. पाडायला निघाले होते, आसपासच्या लोकांनी आरडाओरडा करून वाचवलं आणि १९६७मध्ये लायब्ररी झाली. कैद्यांना जिथे थांबवायचे त्या तळघरात आता विटांच्या कमानींखाली लोक वाचत बसतात. शेजारी बायकांचा तुरुंग होता, तिथे आता बाग आहे.

एक गोंधळ मात्र टाळा. ब्रुकलिन आणि क्वीन्स १८९८मध्ये शहरात आले तरी त्यांच्या लायब्ररी संस्था आजही वेगळ्याच, त्यामुळे वेळा आणि टूर त्यांच्या साइटवर बघायच्या. ब्रुकलिनची सेंट्रल लायब्ररी १९४१ची, उघडलेल्या पुस्तकासारखी बांधलेली, दारावर सोनेरी आकृत्या. दोन किंवा तीनची सबवे, स्टेशन ग्रँड आर्मी प्लाझा. दाराचे फोटो रस्ता ओलांडून काढा, जवळून ते फ्रेममध्ये मावतच नाही.