चोवीस तारीख आणि डावीकडची रिकामी जागा

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्यानंतर आमच्या पुण्यातील जर्मन भाषेच्या प्राथमिक वर्गात महाविद्यालयीन मुलांच्या शेजारी परिचारिकाही बसू लागल्या. त्यांतील एका तुकडीत तारखांच्या श्रुतलेखनाच्या दिवशी जे घडले, ते अजूनही माझ्या मनातून जात नाही.

वार आणि महिने हा भाग विद्यार्थ्यांना सोपा वाटतो. यानुआर, फेब्रुआर, मेर्त्स ही नावे इंग्रजीच्या जवळची आहेत, आणि ‘मिटवोख’ म्हणजे बुधवार सोडला तर बहुतेक जण शिकतात त्या सगळ्या वारांच्या शेवटी ‘टाग’ येतो. अडचण तारखेत असते. जर्मनमध्ये २४.६. असे लिहिताना दोन्ही आकड्यांपुढे जो टिंब देतात तो शोभेचा नसून क्रमवाचक असतो. म्हणजे वाचताना ‘चोविसावा, सहावा’ असे वाचायचे. एकोणीसपर्यंत आकड्याला ‘टे’ लागतो, विसापासून ‘स्टे’ लागतो, पहिला, तिसरा आणि सातवा यांची रूपे वेगळी, आणि ‘रोजी’ या अर्थाचे ‘आम’ हे शब्दयोगी रूप आले की शेवटी ‘न’ जोडायचा. शिवाय बोलताना जर्मन माणूस महिन्याचे नाव पुष्कळदा घेतच नाही. बारा महिने तोंडपाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला नुसते ‘झेक्स्टन’, म्हणजे सहावा, ऐकू आले की हा जून आहे हे उमगत नाही. फोनवर जून आणि जुलै यांची गल्लत होऊ नये म्हणून ‘युनी’ला ‘युनो’ आणि ‘युली’ला ‘युलाय’ म्हणणारेही असतात. पाठ्यपुस्तकांच्या ध्वनिफितींत यातले फारसे काही भेटत नाही. त्या इतक्या स्वच्छ आणि संथ असतात की ऐकण्याची खरी तयारी त्यांतून होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून त्या दिवशी मी स्वतः तयार केलेला एक निरोप ऐकवला. रुग्णालयाच्या कार्यालयातून फोन आला आहे, कागदपत्रे ‘बिस त्सुम फीरउंडत्स्वान्त्सिश्स्टन झेक्स्टन’, म्हणजे २४ जूनपर्यंत पाठवायची आहेत, आणि मुलाखत त्यानंतरच्या महिन्यात आहे. निरोप एकदाच ऐकवायचा असे ठरवले होते, कारण गोएथे संस्थेच्या ए-वन या पहिल्या पातळीच्या जर्मन परीक्षेतही श्रवणाचा दुसरा भाग एकदाच ऐकवतात.

मी बाकांमधून फिरत होते. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने ‘फीर’ ऐकताच ४ लिहिला, त्याच्या डावीकडे एका आकड्याची जागा रिकामी ठेवली, मग ‘त्स्वान्त्सिश’ कानावर पडल्यावर मागे येऊन तिथे २ घातला, आणि तेवढ्यात महिना निघून गेला. आजूबाजूच्या बहुतेक वह्यांत हेच दिसत होते. जालना जिल्ह्यातून आलेल्या, एरवी उच्चारात अडखळणाऱ्या एका परिचारिकेचे पेन मात्र ‘फीर’ ऐकल्यावर कागदाच्या किंचित वर थांबले, संपूर्ण शब्द संपल्यावर तिने २४ एका दमात लिहिले आणि पुढे ६ लिहून मान वर केली. तिच्या सगळ्या तारखा बरोबर होत्या.

तास संपल्यावर मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, इंग्रजीतून केलं की उलटं होतं. आपल्यात पण चार आधी आणि वीस नंतरच येतात ना? चोवीस.”

तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. फीर-उंड-त्स्वान्त्सिश आणि चो-वीस यांची रचना एकच आहे. १९९८ हे साल जर्मन माणूस ‘नॉइनत्सेनहुंडर्ट-आख्टउंडनॉइनत्सिश’ असे वाचतो, आणि आपण ‘एकोणीसशे अठ्ठ्याण्णव’ म्हणतो. शतकांची मोजणी, मग एकक, मग दशक हा क्रम जराही हलत नाही. तरीही ज्या संस्थेत मी शिकवते तिथे वर्गात जर्मनखेरीज काही बोलायचे झाले तर ते इंग्रजीतच, असा दंडक आहे. मराठी घरांतून आलेल्या मुलांना आपण इंग्रजीचा वळसा घालायला लावतो आणि मग जर्मन आकडे अवघड असतात असे सांगतो, हे मला अन्यायाचे वाटते.

एककाला आधी स्थान देणाऱ्या या पद्धतीबद्दल दोन्हीकडे कुरबुर आहे, हेही विसरता येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जर्मनीतही नेमके ‘वीस एक’ या अर्थाचे ‘त्स्वान्त्सिशआइन्स’ हेच नाव घेऊन याच बदलाचा आग्रह धरणारी एक संस्था आहे. लहान मुलांना स्थानिक किंमत शिकवण्यापुरता त्यांचा मुद्दा मी समजू शकते. परंतु फोनवर आलेली तारीख टिपायची आहे, तिथे जुनी सवयच उपयोगी पडते.

पुढच्या तासाला मी दंडक बाजूला ठेवून प्रत्येक जर्मन तारीख आधी मराठीत मोठ्याने म्हणायला लावली. परिचारिकांच्या बाकांवर फरक लगेच जाणवला. अडले ते २९ वर. ‘एकोणतीस’मध्ये तिसाचा उल्लेख असल्यामुळे बोलताना जालन्याच्या त्या परिचारिकेच्याही तोंडून ‘नॉइनउंडड्रायसिश’, म्हणजे ३९, निघाले. तेव्हापासून २९ ते ७९ मधील ‘एकोण’वाले आकडे मी वेगळे घेते, नव्याऐंशी आणि नव्व्याण्णव पुन्हा जर्मनसारखेच असल्याने तिथे भीती नाही.

हुशार मुलीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिचे सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असल्याने तिला चाळिसापुढचे मराठी आकडे येत नाहीत, आणि “मॅडम, मी आधी कोणते शिकू?” असे तिने मला सरळ विचारले आहे. तारखेच्या ३१ आकड्यांपुरते मराठी तिच्याकडून पक्के करून घ्यावे आणि सालांसाठी तिला जर्मन शब्द संपेपर्यंत पेन उचलून धरण्याचा सराव द्यावा, असे सध्या ठरवले आहे. संस्थेकडे दंडक शिथिल करण्याची लेखी विनंतीही केली आहे. पुढची तुकडी सुरू होण्यापूर्वी उत्तर यावे, अशी अपेक्षा आहे.