आमची वाटचाल : पन्नास शुभेच्छुक आणि चार जीबीचा पीसी

नाशिकच्या शालिमार, रविवार कारंजा भागातल्या फ्लेक्सवाल्यांना बॅनर, पत्रिका डिझाइन करून द्यायचं काम आम्ही आधी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच करायचो, मग वाटलं दुकानदाराला ब्राउझरमध्येच बॅनर बनवता आला तर रात्री अकराला आपल्याला फोन येणार नाहीत (अजून येतातच, ते असो). तिथून सॉफ्टवेअरचा धंदा सुरू झाला. पाया म्हणून फॅब्रिक जेएस ही ओपन सोर्स लायब्ररी घेतली, म्हणजे ब्राउझरमध्ये चित्र काढायचा, हलवायचा फुकट मिळणारा तयार कोड.

लग्नपत्रिका मस्त चालायच्या. पण आपल्याकडचा वाढदिवसाचा बॅनर तुम्हाला माहितीये, मधे भाऊ, वर साहेब लोक आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, रांगेवर रांगा. चाळीस-पन्नास चेहरे झाले की मशीन बसायचं. एका दुकानातला ऑपरेटर म्हणाला, "दादा, साहेबांचा फोटो जरा सरकवला ना की सगळंच अडकतं, बघा तुम्हीच." पीसी जुना, चार जीबी रॅमचा, आणि बाजूला कोरल उघडं.

आता भानगड अशी, की काहीही हललं तरी अख्खा कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरमधला चित्राचा कागद, परत काढावा लागतो, म्हणून फॅब्रिक प्रत्येक आकार एकदाच वेगळ्या, न दिसणाऱ्या कॅनव्हासवर काढून ठेवतं आणि पुढे तेच चित्र उचलून चिकटवतं. हजार पॉइंटचा गणपती किंवा नक्षीची बॉर्डर असेल तर यासारखं सुख नाही. या काढून ठेवलेल्या चित्राला म्हणतात कॅशे. साध्या चौकोनी फोटोला ती लागत नाही, तो आधीच चित्र आहे. पण फोटो गोल कापायला क्लिपपाथ, म्हणजे कापायचा आकार, लावला की त्याला स्वतःचा कॅनव्हास मिळतोच, आणि झूम वाढवला की तो कॅनव्हासही मोठा होऊन नव्याने काढला जातो. एका कॅशेची मर्यादा मुळात २०,९७,१५२ पिक्सेल, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ८ एमबी. पन्नास चेहऱ्यांचे झाले ४०० एमबीपर्यंत!

ऑफिसातली पोरं म्हणाली कॅशेच बंद करू. करून बघितलं, तर क्लिपवाल्या चेहऱ्यांना काही फरकच पडला नाही आणि गणपती मात्र दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन परत काढली जाईल तितक्या वेळा, नव्याने काढला जायला लागला. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदच मिळतात, त्यात तो कुठला बसतोय.

मग कॅशे कुणाला द्यायची ते एकेका वस्तूचं बघून ठरवलं. फोटो टाकला की तिथेच एकदा गोल कापून पारदर्शक पीएनजी करतो, स्क्रीनपुरत्या मापाचा, क्लिपपाथचं नावच नाही, मूळ फोटो प्रिंटसाठी बाजूला. गणपती, बॉर्डर, मागची नक्षी, जे कुणी हलवत नाही ते एका ग्रुपमध्ये, सगळ्यांची मिळून एकच कॅशे. नुसत्या पट्ट्या-चौकोनांना कॅशेच नाही, ते काढायला वेळ तो किती लागतो.

प्रिंटची फाइल ही वेगळीच डोकेदुखी. तिथे कॅशे चालू ठेवली तर त्या ८ एमबीच्या मर्यादेमुळे मोठी अक्षरं धुरकट येतात, म्हणून एक्स्पोर्टला ती बंद. आणि २० बाय १० फुटी बॅनर ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) म्हणजे १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल, कोरा कॅनव्हासच ६०० एमबीच्या घरात. तो तुकड्यातुकड्यात काढून सर्व्हरवर जोडतो.

२०२७ च्या सिंहस्थाचे स्वागत बॅनर आतापासून विचारतायत, आणि निम्म्यांना ते मोबाइलवरच करायचेत. जुन्या आयओएसवरच्या आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये एका कॅनव्हासला १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा, त्यामुळे तिथे तुकडे अजून बारीक करावे लागतायत, सध्या तेच चालू आहे.