शेवटी 'श' हवा

"मामा, पहिलं अक्षर कुठलंही चालेल, पण शेवटी 'श' हवा," असं भाचीनं फोनवर बजावलं आणि तिच्या मुलासाठी नावं सुचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एरवी अडून बसतं ते पहिलं अक्षर. पंचांगात 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण आणि दर चरणाला एक अक्षर. हस्ताच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या पोराच्या वाट्याला 'ण' येतो. आता 'ण'वरून नाव काढून दाखवा! शेवटचं अक्षर मात्र पंचांगाच्या तावडीतून सुटलेलं, त्यामुळे घरच्यांची सगळी हौस तिथे.

हौस तशी जुनीच. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं आणि शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग यावा असं सांगून ठेवलंय; मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त. संस्कृतात 'रामः' म्हटलं की विसर्गाची सोय आपोआप होते. आपण मराठीत तो विसर्ग तर टाकलाच, वर 'म'मधला 'अ'सुद्धा गिळला. म्हणून आपले बरेचसे मुलगे व्यंजनावर धाडकन संपतात. रवी, मारुती, निवृत्ती ही मंडळी ईकारान्त असूनही कधी कुणाला बायकी वाटली नाहीत, हे आपलं जाता जाता.

तर 'श'. माझ्या पिढीत त्याचा नुसता सुकाळ होता. रमेश, सुरेश, महेश, उमेश, दिनेश. शाळेत शिकवलेल्या गुणसंधीची उदाहरणं हजेरीपटावरच सापडायची. रमेचा ईश, सुरांचा ईश, दिनाचा ईश, म्हणजे प्रत्येक जण कशाचा ना कशाचा तरी मालक. हल्लीच्या पाळण्यात शिवांश, दिव्यांश, वेदांश. मालकी गेली, हिस्सा उरला. वाटण्या होत गेल्या की असंच व्हायचं म्हणा.

भाचीला 'शिवांश' पसंत होतं. मी म्हटलं, एकदा पूर्ण नाव मोठ्यानं म्हण. तिच्या सासरचं आडनाव 'श'वरून सुरू होणारं. मधलं बापाचं नाव गाळून नुसतं नाव-आडनाव म्हणायला गेलं की दोन्ही 'श' एकमेकांत विरघळतात आणि ऐकणारा आडनाव 'इंदे' लिहून घेतो. ओम मोरे, अनिल लोखंडे, विनय यादव यांना हा अनुभव विचारा. नावाचं शेवटचं अक्षर एकटं कधी राहत नाही; त्याच्या पाठीला पुढचं अक्षर चिकटलेलं असतं, आणि यादीतून नाव निवडताना नेमकं तेच दिसत नाही.

आडनाव नसेल तेव्हा विभक्ती असते. 'राहुलला सांग', 'विशालला उठव', 'नितीननं आणलं'. लागोपाठ दोन 'ल' किंवा दोन 'न' आले की घाईत एक हमखास पडतो आणि 'राहुला सांग' होतं. या बाबतीत 'श' गुणी आहे. शिवांशला, शिवांशनं, शिवांशचा, कुठेही अडत नाही. एवढं मी प्रामाणिकपणे कबूल केलं.

पण खरी परीक्षा मित्रांकडे. मराठी पोरं मित्राच्या नावाचं शेपूट कापतात आणि तिथे 'या' लावतात. प्रकाशचा पक्या, गणेशचा गण्या, अजयचा अज्या, सुरेशचा सुऱ्या. ज्या शेवटच्या अक्षरासाठी घरातल्यांनी रात्री जागवल्या, तेच सगळ्यात आधी जातं. शिवांशचं काय होणार हे मी भाचीला करायला सांगितलं. तिनं कापलं, जोडलं आणि गप्प झाली. 'काकू, शिव्याला पाठवा ना' असं खालून रोज कुणी ओरडणार, आणि 'आमच्याकडे शिव्या आलाय' हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हणावं लागणार. दिव्यांशचं त्याहून सोपं, तो थेट दिव्या होतो.

आता ती 'ईश'कडे वळली आहे. गिरीशचा गिऱ्या होतो. त्यात गैर काही नाही, फक्त नाव तिला जुनं वाटतं. मी म्हटलं, घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव पुढं 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. बारशाला पाळण्यात ठेवलेलं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असलेले मुलगे आपल्याकडे काय कमी आहेत?

त्यावर तिनं पुढचा बेत सांगितला. 'श' एवढ्यासाठी, की पुढेमागे दुसरा झाला तर त्याचंही 'श'वरच ठेवता येईल, जोडी शोभेल. आता निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या भावंडांत कुणाचं यमक कुणाशी जुळत नाही, पण हे तिला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून राकेश-मुकेशच्या घरी काय होतं तेवढं सांगितलं. स्वयंपाकघरातून आईची हाक येते, बंद दारातून आत पोचतं ते नुसतं '…केश', आणि दुसऱ्यालाच बोलावलंय असं समजून दोघंही जागचे हलत नाहीत.