टेबल होते तिथे

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायचे खेळ बनवणाऱ्या एका लहान गटात मी प्रोग्रॅमर म्हणून काम करते. खेळाडूचा हात खेळातल्या वस्तूला लागला की पुढे काय व्हावे, हे ठरवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आमचा तेव्हाचा खेळ एका जुन्या दीपगृहात घडत होता आणि त्या दिवशी तो प्रथमच बाहेरच्या माणसांच्या हातात द्यायचा होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत बसून मी एक सुधारणा पूर्ण केली होती. तोपर्यंत खेळातला हात टेबलातून आरपार जात असे. आता तो लाकडावर अडत होता, हातातला कंट्रोलर त्याच क्षणी हलकेच थरथरत होता आणि तळवा टेकल्याचा बारीकसा आवाज येत होता. मी तो टेबल पंचवीस-तीस वेळा तरी चाचपून पाहिला असेल. घरी जाताना मी फार समाधानात होते.

सकाळ वेगळ्याच अडचणीत गेली. तिसऱ्या खेळाडूला चार मिनिटांतच मळमळू लागले आणि त्याने हेडसेट काढून ठेवला. आमच्या हेडसेटला सेकंदाला 90 चित्रे लागतात, म्हणजे एक चित्र साधारण 11 मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. दिव्याच्या भिंगातली प्रतिबिंबे ती मर्यादा ओलांडत होती, त्यामुळे डोके वळले तरी चित्र किंचित मागे राहत होते. अंतर्कर्णातले तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते आणि डोळे दुसरेच सांगतात, तेव्हा पोट ढवळते. प्रतिबिंबे कमी केली आणि दुपारपर्यंत तो प्रश्न मिटला. असा दोष आकड्यांत दिसतो, म्हणून तो सापडतोही लवकर.

दुपारी साठीच्या आसपासच्या एक बाई आल्या. त्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. बाकीचे खेळाडू जिना दिसताच वर धावले होते, कारण खरा खेळ वर होता. या मात्र तळाच्या रखवालदाराच्या खोलीतच थांबल्या. त्यांनी टेबलाचा खण ओढला, त्यातली काडेपेटी उचलली, आतली पेटी बोटाने सरकवावी तशी सरकवली आणि काडी ओढली. ज्योत खाली उतरत चिमटीपर्यंत आली तेव्हा त्यांनी चटका बसावा तसा हात झटकला. मग दुसरी काडी. तिने त्यांनी कंदील लावला आणि काचेमागे वात कशी दिसते ते पाहण्यासाठी मान वाकडी करून, जवळ जाऊन, पुन्हा मागे येऊन न्याहाळू लागल्या. या कशालाच आम्ही गुण ठेवले नव्हते. त्या खोलीवर आम्ही सर्वांत कमी वेळ खर्च केला होता, आणि त्या तिथे वीस मिनिटे रमल्या होत्या.

त्यांना पाहताना मला माझा पहिला अनुभव आठवला. 2012 साली ऑक्युलस या हेडसेट बनवणाऱ्या कंपनीने किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून पैसे उभे केले आणि त्यातून आलेला पहिला विकसक-संच, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांसाठीचा हेडसेट, फक्त मान वळलेली ओळखत असे. पुढे झुकले तर सगळे जगच आपल्याबरोबर पुढे सरके. 2014 च्या दुसऱ्या संचात समोर ठेवलेला कॅमेरा हेडसेटवरचे अवरक्त दिवे पाहून डोके नेमके कुठे आहे हेही मोजू लागला. मी तो डोक्यावर चढवून समोरच्या मेजावरच्या एका साध्या ठोकळ्याकडे झुकले, आणि ठोकळा जवळ आला. एवढेच घडले होते, पण मी हे काम निवडले ते त्या झुकण्यामुळे. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली छतातून आलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेले शिरस्त्राण बनवले, तेव्हा त्यात नुसत्या रेषांच्या आकृत्या दिसत. तरी डोके हलले की त्या आकृतीची दुसरी बाजू दिसे. उलट निन्टेन्डोचा 1995 चा व्हर्च्युअल बॉय हा खेळसंच चित्रातला खोलपणा दाखवत असे, पण तो स्टँडवर बसवलेला होता, डोक्याची हालचाल त्याला कळत नसे आणि सारे चित्र लाल-काळे असे. तो वर्षभरातच बाजारातून गेला. चित्र किती सुंदर आहे याला महत्त्व आहेच, परंतु आपण हललो याची दखल त्या जगाने घेतली की शरीर त्याला मान्यता देते, आणि या खेळांची ओढ मुख्यतः तिथून येते, असे मला ठामपणे वाटते.

त्या बाईंच्या शरीराने आमच्या खोलीला पूर्ण मान्यता दिली होती. बराच वेळ उभे राहून त्यांचे गुडघे दुखू लागले असावेत. कंदिलाकडे पाहता पाहता त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. खेळातले हात लाकडावर अडले, कंट्रोलर थरथरले, आवाज आला. आणि मग त्यांनी शरीराचा भार पुढे टाकला.

मी चार पावलांवर होते, पण पोहोचू शकले नाही. त्या गुडघ्यांवर आणि एका मनगटावर पडल्या. हेडसेट उतरवून मी विचारले, "लागलं का कुठे तुम्हाला?"

"नाही हो, विशेष काही नाही," त्या मनगट चोळत म्हणाल्या, आणि समोरच्या मोकळ्या फरशीकडे पाहत राहिल्या. "पण टेबल होतं ना इथे?"

मनगट मुरगळले होते. आम्ही बर्फ लावला, डॉक्टरांना दाखवले, हाड शाबूत होते. त्या अजिबात रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटले. खेळाडू भिंतीजवळ गेला की हेडसेट त्याच्यासमोर जाळी उभी करून सावध करतो. इथे जाळी दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण टेबल सुरक्षित जागेच्या बरोबर मधोमध होता. पूर्वीच्या आवृत्तीत त्यांचा हात लाकडातून आरपार गेला असता आणि त्या सावध झाल्या असत्या. मी तो हात अडवला, त्याला थरथर दिली, आवाज दिला, आणि दर वेळी तो टेबल भरवशाचा असल्याचे त्यांना पटवून दिले. ज्या कामाचे मला आदल्या रात्री समाधान वाटले होते, तेच त्यांच्या पडण्याचे कारण होते. माझी चाचणी बोटांनी चाचपण्यापुरतीच होती. टेबलावर माणूस भार टाकतो, हे मला सुचलेच नाही, कारण मला तो खरा नाही हे ठाऊक होते.

गटात दोन मते पडली. काहींना हात पुन्हा आरपार जाऊ द्यावा असे वाटत होते. मी त्याला विरोध केला, कारण मग काडेपेटीही खोटी वाटू लागली असती. शेवटी आम्ही टेबलाचा रिकामा काठ भरून टाकला: तिथे दोरखंड, तेलाचे डबे, उघडी वही आली, कारण माणूस रेलतो ते मोकळ्या जागेवर. दोन्ही हात पृष्ठभागावर दाबलेले असताना डोके पुढे येऊ लागले, तर हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खरी खोली लगेच दिसू लागेल, अशी सोय केली. आणि खेळ सुरू होतानाच तो खेळाडूला आपली खुर्ची कुठे आहे ते कंट्रोलर टेकवून दाखवायला सांगू लागला. त्याच ठिकाणी रखवालदाराच्या खोलीत एक स्टूल उभे राहते.

तीन आठवड्यांनी त्या बाई स्वतःहून पुन्हा आल्या. मी या वेळी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. टेबलापाशी गेल्यावर त्या थबकल्या, मागे वळून स्टूल पाहिले, हाताच्या पाठीने ते दोनदा चाचपले, आणि सावकाश त्यावर बसल्या. मग त्यांनी खण ओढला आणि काडेपेटीतल्या उरलेल्या काड्या मोजायला घेतल्या.