कोठीच्या जागेवर लेथ

कापसाच्या जिनिंगमध्ये 22 वर्षं मेंटेनन्स फिटर होतो, आता बाहेरची कामं घेतो, कोणाला जुनी मशीन पाहून दे, कोणाची बसवून दे. त्यातली राळेगाव तालुक्यातली एक लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

तिथला एक पोरगा चाकणला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, होता, काम सुटलं, गावी आला आणि घराला लागून असलेल्या टिनाच्या खोलीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचं ठरवलं. काम आहेच गावात. रोटाव्हेटरचे शाफ्ट, मोटरपंपाचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुल्या, एवढ्यासाठी लोक हिंगणघाट नाहीतर यवतमाळ गाठतात आणि ऐन हंगामात अख्खा दिवस जातो. त्याला नवीन राजकोटची साडेचार फुटी लेथ घ्यायची होती. मी म्हटलं तुझ्या पैशात नवी येईल ती हलकी येईल, जरा खोल कट घेतला की थरथरेल, त्यापेक्षा भारी बेडची, म्हणजे खालच्या जड लोखंडी पाटाची, जुनी सहा फुटी बघू.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत चार मशीन पाहिल्या. चारही ताज्या हिरव्या रंगात. जुन्या मशीनवर नवा रंग मारून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण गिऱ्हाईक रंग बघते आणि बेड बघत नाही. लेथचा बेड सगळीकडे सारखा घासत नाही, चक म्हणजे काम धरून फिरवणारी पकड, तिच्यासमोरच्या फूटभरात जास्त घासतो कारण रोजचं काम तिथंच होते. अंगठ्याचं नख बेडवरून आडवं ओढायचं, जिथं सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चालते आणि जिथं चालत नाही त्या सीमेवर नख अडकलं की पायरी पडली समजायचं. मग सॅडल चकाजवळ नेऊन जिब, म्हणजे तिची ढिलाई काढणारी पट्टी, आवळायची आणि हातानं टेलस्टॉककडे, म्हणजे कामाला दुसऱ्या टोकानं टेकू देणाऱ्या भागाकडे, न्यायची, तिकडे जाम झाली तर चकाजवळ बेड खाल्लेला आहे. चकात जाड बार धरून वर उचलायचा आणि चकावर बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावून स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, किती हलते ते पाहायचं. पहिल्या तीन इथंच गेल्या. चौथीचं नख जेमतेम अडकलं, स्पिंडल टाईट, आट्या पाडायचे गिअर पूर्ण, फोर-जॉ चक सोबत. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस-स्लाईडचा नट घासला होता, पण तो बदलता येतो, बेड बदलता येत नाही. एक लाख दहा हजारात ठरली.

घरी सिंगल फेज. शेतीच्या पंपाची थ्री फेज घराजवळून जात होती आणि दोघं-तिघं म्हणालेही की टाका तिकडून, पण ते कनेक्शन पंपाचं आहे आणि ती लाईन चोवीस तास राहतही नाही. सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राईव्ह लावला, दोन एचपीच्या मोटरची जोडणी स्टारमधून डेल्टात बदलली, चालली.

मे महिन्यात बसवली. फरशीवर सहा इंच काँक्रीट, सळया टाकून, फाउंडेशन बोल्ट. मीटरला पॉइंट झिरो टू मिलीमीटरचा उतार दाखवणारी बुडबुड्याची लेव्हल माझी स्वतःची आहे, ती हेडस्टॉककडे, म्हणजे चकाच्या टोकाला, आणि टेलस्टॉककडे बेडवर आडवी ठेवत, पायाखाली पत्र्याचे शिम सरकवत दीड दिवस काढला. शेवटी चकात जाड बार धरला, टेलस्टॉक न लावता, 200 मिलीमीटर अंतरावर दोन कॉलर, म्हणजे बारवरचे दोन पट्टे, एकाच सेटिंगवर हलक्या कटनं टर्न केल्या. फरक पॉइंट झिरो वन. जुन्या मशीनवर हे निघालं की छाती फुगते, माझीही फुगली.

त्याच दिवशी पोराचा बाप दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, त्या कोपऱ्यात नोका ठेवू. आमची गव्हाची कोठी होती तिथं, पावसाळ्यात डुगडुगे, म्हणून उचलली."

मी म्हटलं, "काकाजी, कोठी फरशीवर होती, हे काँक्रीट हाय." आणि परत लेव्हलकडे वळलो.

पोळ्याच्या चार दिवस आधी फोन आला. "काका, 400 एमएम लांबीचा शाफ्ट लावला, 40 चा व्यास पाहिजे, चकाकडं 40.01 येते आन टेलस्टॉककडं 40.09. बेअरिंगच जाऊन नाही राह्यलं." मी विचारसुद्धा केला नाही. "टेलस्टॉक सरकलं असन, चाळीस मायक्रॉन, म्हणजे पॉइंट झिरो फोर एमएम, आपल्याकडं घे." त्यानं घेतलं, शाफ्ट बरोबर निघाला, मला वाटलं झालं. दोन दिवसांनी 200 चा शाफ्ट, आता टेलस्टॉककडची बाजू चाळीस मायक्रॉन बारीक, बेअरिंग ढिलं, माल वाया. तेव्हा मी त्याला बोललो. चाकणला सीएनसीवर बटण दाबत होता काय बे, मायक्रोमीटर धरता येते का तुले, असं. तो गप्प राहिला आणि फोन ठेवला.

रात्री अंथरुणावर हिशोब लागला. टेलस्टॉक सरकवलं की शाफ्ट लांब असो की आखूड, सेंटर ते सेंटर फरक तेवढाच पडतो. बेड पिळला असेल तर फरक लांबीच्या प्रमाणात वाढतो. 400 ला पॉइंट झिरो एट म्हणजे 200 ला पॉइंट झिरो फोर, त्यातून टेलस्टॉकचे पॉइंट झिरो एट (चाळीस मायक्रॉन सरकवलं की व्यासात दुप्पट पडते) वजा करा, चाळीस मायक्रॉन बारीक. आकडा न आकडा जुळला. पोराचं माप बरोबर होतं आणि चुकीचा सल्ला माझा होता.

सकाळी पहिल्या बसनं गेलो. लेव्हल ठेवली, हेडस्टॉककडे बुडबुडा मधात, टेलस्टॉककडे पार टोकाला जाऊन टेकलेला. मागचा पाय वर उचलला गेला होता, त्यानं बेडचं ते टोक कामगाराच्या अंगावर झुकलं, टूल शाफ्टपासून दूर गेलं, म्हणून तिकडं जाड. त्या पायामागं भिंत, भिंतीबाहेर टिनाची वळचण, आणि दोन महिन्यांचं सगळं पाणी तिथंच पडून काळ्या मातीत मुरलेलं. काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. माझं सहा इंच काँक्रीट त्या मातीवर नुसतं ठेवलेलं होतं.

मागचे शिम काढले, पाव मिलीमीटरच्या आसपास, टेलस्टॉक परत सेंटरला आणलं, कॉलर टर्न केल्या, दीड शंभरांशावर आलं. पोराला म्हटलं, तुझं माप बरोबर होतं, मी उगाच बोललो. तो म्हणाला, "जाऊ द्या काका." बापानं चहा आणला आणि कोठीचं नाव काढलं नाही, ते मला जास्त लागलं.

आता डिसेंबर आहे, जमीन वाळतेय आणि बुडबुडा उलट्या बाजूला चार रेघा गेलाय. पोरगा दर रविवारी लेव्हल ठेवून वहीत लिहितो. कापूस निघाला की फरशी कापून तीन फूट खोदायचं, थराथरानं मुरूम दाबायचा आणि फरशीला न चिकटलेला वेगळा ब्लॉक ओतायचा असं ठरलंय, पण काकाजी सांगतात विहिरीला मुरूम आठ हातावर लागला होता, म्हणजे माझ्या तीन फुटाखाली परत काळीच. दुसरा मार्ग म्हणजे मशीन जाड लोखंडी चॅनेलच्या फ्रेमवर घेऊन फ्रेम तीनच टेकूंवर ठेवायची, तीन टेकूंवर फरशी कशीही हलली तरी पीळ वर जात नाही, पण मोठ्या जॉबला ती झुलेल का हे मला अजून ठरवता येत नाहीये. वळचणीला पन्हाळ मात्र आधी लावायचं. मागच्या खेपेला काकाजींना विचारलं पाणी कुठून कुठं जाते, त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली, कोपऱ्यापासून थेट नाल्यापर्यंत, आणि मी त्या रेघेवर चुना टाकून आलो.